पिशवी काढली, पाळी गेली. आता हार्मोन घ्यायचे का?

"डॉक्टरीणबाई, अंगातून वाफा निघायल्यात. उष्णता झाली असंल." मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असताना कुणी असं म्हटलं की घरचे सब्जा भिजवतात, धन्याचं पाणी देतात आणि विषय संपतो. तीच बाई डिसेंबरातल्या पहाटे गोधडी फेकून उठून बसते, ब्लाउज घामाने चिंब होतो आणि दोन मिनिटांनी थंडी वाजायला लागते, तेव्हा मात्र उन्हाला दोष देता येत नाही.

पाळी जाताना अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यामुळे बिनसतं. वाफा येतात त्या यामुळे. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर त्या थांबतात. हा झाला हार्मोन उपचार, म्हणजेच एचआरटी. आपल्याकडे याबद्दल दोन टोकाची मतं आहेत. एक, "त्यानं कॅन्सर होतो". दुसरं, शहरातल्या काही जाहिराती सुचवतात तसं, "त्यानं वय थांबतं". दोन्ही मतांमुळे बायांचं नुकसान होतं. खरा प्रश्न असा असतो: कुणी, कोणत्या वयात, कोणतं औषध, कशासाठी घ्यायचं. मराठवाड्यात त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो पहिल्याच पायरीत येतो.

१. आधी एक कागद शोधा

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली, असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. ४५ च्या आत गेली तर लवकर गेली, ४० च्या आत गेली तर अकाली गेली. हे वय नीट आठवून लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

पण ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी काय आठवायचं? आपल्याकडे अशा बाया थोड्याथोडक्या नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त बायांशी बोलल्यावर त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींचं वय तेव्हा चाळिशीच्याही आत होतं. कारणं तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेत. अंगावरून पांढरं जातं म्हणून तपासायला गेलं की "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घातली जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. मग पाळीची कटकटच नको असं वाटतं. हा सगळा विषय वेगळा आणि मोठा आहे. इथे त्यातला एवढाच भाग बघू: ऑपरेशननंतर त्या बाईच्या शरीरात काय उरलं?

त्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. अंडाशय ठेवले की काढले? आणि पिशवीचं तोंड ठेवलं की काढलं?

उत्तर डिस्चार्ज कार्डावर असतं. कार्ड नसेल तर काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती त्याचा रिपोर्ट शोधा, त्यात कोणते अवयव आले होते ते लिहिलेलं असतं. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून कागदांची प्रत मागता येते. डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं जपाव्यात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असा नियम आहे. ऑपरेशनला तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असला तरी विचारून बघा, पुष्कळदा जुनी रजिस्टरं पडून असतात. काहीच हाती लागलं नाही तर ओटीपोटाची सोनोग्राफी करा. चाळिशीच्या आतल्या बाईचे अंडाशय असतील तर बहुधा त्यात दिसतात.

दोन्ही अंडाशय काढले असतील तर ज्या दिवशी ऑपरेशन झालं त्याच दिवशी तुमची पाळी गेली, वय तिशीचं असलं तरी. त्रासही जोरात आणि अचानक सुरू होतो. अशा बाईला हार्मोन देणं म्हणजे तिच्या वयाच्या बाईकडे जे असायला हवं होतं ते परत करणं. ते दिलं नाही तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. विस्मरणाचा धोकाही जास्त आढळला आहे. म्हणून काही अडचण नसेल तर अशा बाईने पाळी नैसर्गिकपणे जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घ्यावेत, असं जगभरच्या तज्ज्ञ संघटना सांगतात. त्रास होत नसला तरीही. माझ्याकडे येणाऱ्या अशा बायांपैकी बहुतेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. टाके काढले, लोहाच्या गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.

अंडाशय ठेवले असतील तर हार्मोन चालू राहतात. तरी ते काही वर्षं आधी थंडावू शकतात आणि पाळीच येत नसल्यामुळे बाईला त्याचा पत्ता लागत नाही. वय ४५ च्या आत असेल आणि वाफा, झोपमोड, कोरडेपणा सुरू झाला असेल तर रक्तातलं एफएसएच (अंडाशय थंडावले की वाढणारं हार्मोन) तपासून घ्या. ४५ च्या पुढे लक्षणं स्पष्ट असतील तर ही तपासणी लागत नाही. कुणी लिहून दिली तर कशासाठी ते विचारा.

दुसरा प्रश्न पिशवीच्या तोंडाचा. ते शिल्लक असेल तर तिथल्या कर्करोगाची तपासणी चालूच ठेवावी लागते. "पिशवीच काढली, आता कसली तपासणी" असं म्हणून सोडून देऊ नका.

२. हा त्रास पाळीचाच आहे का?

दोन आठवडे एका वहीत लिहा: वाफ दिवसातून किती वेळा आली, रात्री किती वेळा उठवलं, झोप किती झाली, चिडचिड, धडधड, सांधेदुखी, लघवीची जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला किंवा आशाताईला सांगा. डॉक्टरपुढे बसल्यावर अर्धं आठवत नाही आणि उरलेलं लाजेपायी सांगितलं जात नाही. वहीला लाज नसते.

काही गोष्टी मात्र पाळीच्या नावावर खपवू नका. रात्री घाम येतो, पण सोबत संध्याकाळी बारीक ताप, खोकला आणि वजनात घट असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. धडधड आणि घामासोबत हात थरथरत असतील तर थायरॉइड बघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला एकदम घाम फुटून गळाल्यासारखं झालं तर साखर उतरलेली असू शकते. छातीत दाब येऊन घाम सुटला तर इतर काहीही न करता दवाखाना गाठा.

पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, भले साडीला एक डाग लागला तरी, तपासणी करायचीच. "पाळी परत आली" असं काही नसतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तुकडा काढून तपासतात. याचं कारण कळेपर्यंत हार्मोनची एकही गोळी घ्यायची नाही.

३. कॅन्सरची भीती कुठून आली

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याच्या एका भागात १६,६०८ महिला होत्या, त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, पिशवीचं अस्तर वाढू न देणारं हार्मोन) अशी एकत्र गोळी किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. जुलै २००२ मध्ये हा भाग मध्येच थांबवला, कारण औषध घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. बातमी जगभर गेली आणि पुष्कळ डॉक्टरांनी लिहून देणंच बंद केलं. त्यानंतर शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीला या औषधाचा सरावच उरला नाही.

आता आकडे नीट बघा. १० हजार बायांनी वर्षभर ती गोळी घेतली तर न घेणाऱ्यांच्या तुलनेत स्तनाचा कर्करोग ८ जणींना जास्त झाला, हृदयविकार ७ जणींना, पक्षाघात ८ जणींना आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचे प्रकार ८ जास्त. याउलट खुब्याचं हाड मोडणं ५ ने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी झाला. धोका खरा होता, पण हजारात एकीपेक्षा कमी, एका वर्षाला.

आणि या महिलांचं सरासरी वय होतं ६३. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या, रक्तवाहिन्या जुन्या झालेल्या बाया. पुढे वयानुसार आकडे वेगळे करून पाहिले तेव्हा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत किंवा साठीच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये फायद्याचं पारडं जड दिसलं. साठीनंतर नव्याने सुरू करणाऱ्यांमध्ये मात्र हृदय आणि पक्षाघाताचा धोका जास्त आणि पासष्टीनंतर सुरू केलं तर स्मृतिभ्रंशाचाही.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग आपल्याकडच्या बायांसाठी जास्त मोलाचा आहे आणि त्याची चर्चा सर्वात कमी झाली. त्यात पिशवी काढलेल्या १०,७३९ महिला होत्या आणि त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं. पक्षाघाताचं प्रमाण थोडं वाढल्यामुळे तोही २००४ मध्ये थांबवला. पण स्तनाचा कर्करोग? तो वाढला नाही. पुढच्या वर्षांच्या पाठपुराव्यात दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमीच निघाला. १८ वर्षांनी दोन्ही भागांतल्या एकूण मृत्यूंचा हिशेब मांडला तेव्हा औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांमध्ये फरक नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचा सर्वात कडक, चौकटीतला इशारा बहुतांशी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. माझ्या मते इशारा सैल करताना थोडी घाई आणि उत्साह दोन्ही जास्त झाले, पण मूळ भीती फुगवलेली होती हे खरं.

म्हणजे ३८ व्या वर्षी पिशवी आणि अंडाशय दोन्ही गमावलेल्या केज किंवा गेवराईच्या बाईला, सरासरी ६३ वर्षांच्या अमेरिकी महिलांना दिलेल्या एकत्र गोळीची भीती दाखवून औषध नाकारणं, यात शास्त्र नाही.

४. कुणी घेऊ नये, आणि आधी काय तपासायचं

स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा न कळलेल्या कारणाने रक्तस्राव होत असेल, तर तोंडाने घ्यायचे हार्मोन नकोत. यातल्या काही जणींना तज्ज्ञ वेगळा मार्ग देऊ शकतात. पण तो निर्णय गावातल्या मेडिकल दुकानात व्हायचा नाही. रक्तदाब चढलेला असेल तर तो आधी आटोक्यात आणा. आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता एवढ्यावरून दार बंद होत नाही, पण डॉक्टरांना ते सांगा.

सुरू करण्याआधी रक्तदाब, वजन, साखर, रक्तातल्या चरबीची तपासणी, स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), पिशवी असेल तर सोनोग्राफी. यातला रक्तदाब आणि साखर, तसंच तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी तिशीपुढच्या बायांसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत व्हायला हवी. मॅमोग्राफीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं.

पाळी अनियमित आहे पण गेलेली नाही, अशा बायांनी एक लक्षात ठेवावं: हार्मोन उपचार गर्भ रोखत नाही. पंचेचाळिशीत दिवस गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत.

५. औषध कोणतं

पिशवी नसेल तर फक्त इस्ट्रोजेन पुरतं. अपवाद एक: एंडोमेट्रिओसिसमुळे (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) पिशवी काढली असेल तर प्रोजेस्टेरॉनही लागू शकतं, म्हणून ऑपरेशनचं कारण सांगा.

पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यायलाच हवं. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. "दोन गोळ्या कशाला, एकच घेते" असा काटकसरीचा विचार इथे महागात पडतो.

इस्ट्रोजेन दोन रूपांत मिळतं. गोळी म्हणजे बहुधा एस्ट्राडिऑल व्हॅलरेट, १ किंवा २ मिलिग्रॅम. कमी मात्रेने सुरू करतात. लहान वयात अंडाशय गेलेल्या बाईला जास्त मात्रा लागते. दुसरं रूप म्हणजे त्वचेला लावायचं एस्ट्राडिऑलचं जेल. गोळी यकृतातून जाते आणि गुठळ्यांचा धोका थोडा वाढवते. जेल त्वचेतून सरळ रक्तात जातं, त्यामुळे हा धोका वाढत नाही असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. वजन जास्त, रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, पित्ताशयात खडे यांपैकी काही असेल तर मी जेलकडे वळते. ते तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं, मागवून घ्यावं लागतं, आणि गोळीपेक्षा महाग पडतं. महिन्याचा खर्च आधीच विचारा, कारण अर्ध्यातच सोडून देण्यापेक्षा परवडणारी गोळी नियमित घेतलेली बरी.

जेल लावायची रीत दुकानदार सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. अंघोळीनंतर अंग कोरडं करा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर, ठरवून दिलेल्या मापाने पातळ पसरवा, चोळायचं नाही. स्तनांवर लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा. तासभर तिथे पाणी लागू देऊ नका आणि तोवर नातवंडाला त्या अंगाला बिलगू देऊ नका. औषध लेकराच्या कातडीत जातं. उन्हाळ्यात घामाने ते वाहून जातं, तेव्हा शेतात निघायच्या तोंडावर लावण्यापेक्षा संध्याकाळी अंघोळ करून लावा.

प्रोजेस्टेरॉनमध्ये मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सध्या जास्त पसंत करतात: रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. तिने गुंगी येते, म्हणून झोपतानाच घ्यायची. झोप न लागणाऱ्या बाईला ही गुंगी आवडतेच. टिबोलोन नावाची एक वेगळी गोळीही आपल्याकडे मिळते. साठीच्या पुढे पक्षाघाताचा धोका असल्याने ती जपून देतात.

एक गल्लत नेहमी होते. यात्रेसाठी, पूजेसाठी पाळी लांबवायची जी गोळी मेडिकलमधून आणतात ती एचआरटी नव्हे. माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्याही नव्हेत; त्यांतलं इस्ट्रोजेन वेगळं आणि बरंच जोरकस असतं. शेजारणीला लागू पडलेली पट्टी आपल्याला चालत नाही.

६. सुरू केल्यावर

वाफा दोन ते चार आठवड्यांत उतरायला लागतात. पूर्ण फरक बघायला तीन महिने द्या. आठ दिवसांत "काही फरक न्हाई" म्हणून सोडू नका. सुरुवातीला छाती जड होणं, मळमळ, अधूनमधून डाग लागणं हे चालतं. सहा महिन्यांनंतरही डाग लागत असतील किंवा बंद झालेले पुन्हा सुरू झाले तर तपासणी करा. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखली, अचानक धाप लागली, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा दिसेनासं झालं, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी एकदा दाखवायचं, मग वर्षातून एकदा. पाच वर्षांनी बंद करायलाच हवं असा नियम आता कुणी मानत नाही. दरवर्षी गरज आणि धोका तोलून पुढे ठरवायचं. बंद करताना हळूहळू मात्रा उतरवा किंवा एकदम थांबवा, लांबचा फरक पडत नाही. मात्र वाफा काही काळ परत येऊ शकतात, हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

७. उन्हाळी लागते ती दरवेळी उन्हाने नाही

वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात. खालच्या भागाचा कोरडेपणा मात्र ओसरत नाही, वाढत जातो. लघवीला जळजळ, घाई, वरचेवर जंतुसंसर्ग, खाज, नवऱ्यासोबत संबंधात दुखणं. या शेवटच्या गोष्टीमुळे घरात भांडणं होतात आणि कारण कुणालाच कळत नाही. बाई मूतखडा समजून पाणी पीत राहते, किंवा प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेते.

यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रिऑलचं किंवा एस्ट्राडिऑलचं मलम आहे. दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. रक्तात इतकं कमी उतरतं की सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि पासष्टीच्या आजीलाही नव्याने सुरू करता येतं. वरचेवर होणारा लघवीचा संसर्ग त्याने कमी होतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावं. बाकीच्यांनी बिनघोर वापरावं. या लेखातली सर्वात स्वस्त, सुरक्षित आणि सर्वात कमी वापरली जाणारी गोष्ट हीच आहे. अंग बाहेर येत असेल तर मात्र मलमाने भागणार नाही, तपासून घ्या.

८. हार्मोन नको असेल किंवा चालत नसेल

व्हेनलाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन, गॅबापेन्टिन अशा काही बिगर-हार्मोन गोळ्यांनी वाफा कमी होतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असलेल्या बाईने पॅरॉक्सेटिन टाळायची, कारण ती टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते. सोयाबीनचं म्हणाल तर, लातूरकडे शेतं त्याने भरलेली असतात. खा, प्रथिनं मिळतील, वाफांवर परिणाम झालाच तर थोडा. शतावरीचाही भरवशाचा पुरावा तोकडा आहे. मन सतत खचलेलं असेल, जगणं नको वाटत असेल तर ते "पाळीचं" म्हणून सोसू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

९. हाडं आणि हृदय

पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वात वेगाने होते आणि ती दुखत नाही. मोडल्यावरच कळते. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये हार्मोनने खुब्याची फ्रॅक्चर सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली होती. त्यामुळे पन्नाशीच्या आसपास, त्रासही आहे आणि हाडंही कमजोर आहेत अशा बाईला एकाच औषधात दोन्ही कामं होतात. साठीच्या पुढे नुसत्या हाडांसाठी हार्मोन सुरू करत नाहीत. त्यासाठी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा सलाइन असतं. अ‍ॅलेन्ड्रोनेट उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेऊन पुन्हा पडणाऱ्या बायांची अन्ननलिका सोलून निघते.

हाडांची खरी तपासणी म्हणजे डेक्सा, हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे. त्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली. टाचेला यंत्र लावून हाडं तपासायची फुकट शिबिरं तालुक्याला भरतात. त्या आकड्यावरून रोग ठरवायचा नाही आणि तिथल्या तिथे दिलेली महागडी पावडरही घ्यायची नाही. उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, नुसत्या घसरण्याने मनगट मोडलं असेल तर डेक्सा करून घ्या.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत आहे. आपली ज्वारीची भाकरी कितीही चांगली असली तरी तिच्यात कॅल्शियम फारसं नाही. आपल्या ताटात ते येतं तिळाच्या आणि कारळाच्या चटणीतून, शेवग्याच्या पाल्यातून, राजगिऱ्यातून, आणि दूध-दही-ताकातून. तिळातलं सगळं अंगी लागत नाही, तरी रोज दोन चमचे चटणी असू द्या. दूध सगळं डेअरीला घालून घरात काळा चहा, ही आपली जुनी खोड. निदान अर्धा लिटर घरात ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक अशी देतात. ती वर्षानुवर्षं मनाने घेत राहिलात तर अंगात साठून किडनीला त्रास होतो.

"आम्ही शेतात राबतोच की, कसला व्यायाम?" बरोबर आहे, पण दिवसभर वाकून खुरपण्याने पाठ दुखते, हाडांना हवा तसा ताण मिळत नाही. ताठ, भरभर चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, एवढं पुरे. पडणं टळलं की खुबा वाचतो; न्हाणीघरातलं शेवाळ घासून काढा, रात्री उठताना दिवा लावा.

हृदयाबद्दल एकच सांगते. हृदयविकार टाळायला म्हणून हार्मोन घेऊ नका, तसा सल्ला कुणी देत नाही. लवकर पाळी गेलेल्यांचा विषय वेगळा, तो वर आला. पाळी गेल्यावर रक्तदाब आणि चरबी वाढत जातात, तेव्हा वर्षातून एकदा मोजा आणि गोळी लागली तर रोज घ्या. आणि मशेरी. दात घासायला म्हणून दिवसातून चारदा लावली जाणारी मशेरी तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाला आणि रक्तवाहिन्यांना ती जितकी कारण आहे तितकी कोणतीही हार्मोनची गोळी नाही. कॅन्सरच्या भीतीने गोळी नाकारणाऱ्या बाईच्या कनवटीला मशेरीची डबी असते.

१०. डॉक्टरकडे जाताना

छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग विभाग आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय. सकाळी लवकर केसपेपर काढा. सोबत डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि ती वही न्या. संबंधाबद्दल बोलताना सासू किंवा मुलगा समोर नको असेल तर "बाई, मला एकटीला बोलायचंय" असं सरळ म्हणा, ते ऐकतात.

हे विचारा: माझे अंडाशय आहेत का? पाळी कोणत्या वयात गेली असं धरायचं? मला गोळी बरी की जेल, आणि का? प्रोजेस्टेरॉन लागेल का? पुन्हा कधी दाखवू? "वयाचं आहे, सहन करा" एवढंच उत्तर मिळालं आणि तुमचं वय ४५ च्या आत असेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ज्यांना आत्ता कुणी पिशवी काढायला सांगतंय त्यांनी सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून मागा: काढायचं नेमकं कारण, आणि अंडाशय ठेवणार की नाही.